टॉलिव्हर बाकावर होता

"फोन आत ठेव," लॉवेल बिडिंगर म्हणाला.

अटरबॅकने मान वर केली. हा एवढा उंच, धिप्पाड पोरगा लॉकर रूमच्या बुटक्या बाकावर बसला की त्याचे गुडघे हनुवटीला लागायचे. अंगातली जर्सी अजून घामाने चिकटलेली होती आणि कानाला फोन.

"आईचा आहे, कोच."

"तुझी आई बाहेर बसलीय. आत्ताच मला हात करून गेली."

कुणीच हसलं नाही. अटरबॅकने फोन बॅगेत टाकला. समोरच्या दोघांनी आपापले फोन मांडीखाली सरकवले. लॉवेलने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. लीगमध्ये तळाला असलेल्या संघाने त्यांना आज धुऊन काढलं होतं, लागोपाठ तिसऱ्यांदा ते हरले होते. काय बोलायचं हे त्याने शेवटची पाच मिनिटं मनात जुळवलं होतं. डिफेन्सला मागे पळायचं असतं, चेंडू गेला म्हणून कमरेवर हात ठेवून उभं राहायचं नसतं, वगैरे. पण ही पोरं त्याच्याकडे पाहत असली तरी आपलं ऐकत नाहीत, हे त्याला कळत होतं. प्रत्येकाचा एक कान बॅगेकडे होता.

"कपडे बदला," तो म्हणाला. "सँडविचं बसमध्ये पुढच्या सीटवर आहेत."

फेब्रुवारी सुरू झाला तेव्हा वेदरबी कॉलेजचा हा संघ अख्ख्या हिवाळ्यात फक्त एक सामना हरलेला होता. एल्डन फोर्डमध्ये, म्हणजे धान्याच्या कोठारापलीकडे दोन चर्च आणि एक कॉलेज एवढंच असलेल्या त्या गावात, लोक न्हाव्याच्या दुकानात राष्ट्रीय स्पर्धेची भाषा करायला लागले होते. मग एका बुधवारी सराव चालू असताना कॉलेजच्या प्रेसिडेंटबाई, डॉ. वेनस्कॉट, जिममध्ये आल्या. लाकडी फ्लोअरवर बाहेरचे जोडे चालत नाहीत हा लॉवेलचा नियम त्यांना ठाऊक होता. त्यांनी उंच टाचांचे बूट काढून हातात घेतले, नुसत्या मोज्यांवर मैदानाच्या मध्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि पोरांना सांगितलं, की मे महिन्यात कॉलेज कायमचं बंद होणार. विद्यार्थी येईनासे झालेत. हॉस्टेलचे दोन मजले गेलं वर्षभर अंधारातच आहेत, ते तुम्ही पाहताच आहात. आपण सगळे एक कुटुंब आहोत.

"मग आमचा सीझन?" कुणीतरी विचारलं.

"सीझन पूर्ण होणार!" रडणाऱ्या पोराच्या हातावर गोळी ठेवावी तशा बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. इंडियानातल्या, इलिनॉयमधल्या, ओहायोतल्या कॉलेजांचे कोच. त्यात बेकायदा काही नव्हतं. बंद होणाऱ्या कॉलेजातल्या पोरांना कुणीही बोलवावं, आणि पोरांनाही कुठेतरी जायला हवंच होतं. हे सगळं लॉवेलला समजत होतं. सहन होत नव्हता तो सामना संपल्यावरचा हात. समोरचा कोच त्याच्याशी हात मिळवायचा, पण त्याची नजर असायची लॉवेलच्या खांद्यावरून मागे, पोरांवर. दुकान बंद होणार म्हटल्यावर गिऱ्हाईक शेल्फांकडे बघतं तशी.

लॉवेल अठराव्या वर्षी या कॉलेजात खेळायला आला आणि इथलाच होऊन राहिला. आधी मदतनीस, मग मुख्य कोच. सकाळी आरोग्यशिक्षणाचे दोन तास घ्यायचे, दुपारी सराव, आणि जर्सी धुण्याचं मशीनही तोच लावायचा, कारण दुसरं कुणी लावलं की पांढऱ्याला लाल चढायचा. चांगला कोच म्हणून लीगमध्ये नाव होतं. पण राष्ट्रीय स्पर्धेला त्याचा संघ कधीच गेला नव्हता. दोनदा लीगच्या फायनलला पोचून हरला. त्या दोन सामन्यांविषयी घरात कुणी बोलत नसे. हा संघ आजवरच्या सगळ्यांत चांगला होता, आणि त्याचं कारण एकच होतं, एमरी टॉलिव्हर.

एमरी गॅरी शहरातला. उंचीला कमी म्हणून मोठ्या कॉलेजांनी त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. लॉवेल मात्र एका हिवाळ्यात चार वेळा राज्याच्या त्या टोकाला गाडी हाणत गेला होता. एमरीची आई एका वृद्धाश्रमात नर्स होती. तिने चौथ्या खेपेला त्याला जेवायला थांबवलं आणि म्हणाली, "मिस्टर बिडिंगर, बास्केटबॉलचं मला कळत नाही. पण हा पोरगा पदवी घेऊन बाहेर पडणार की नाही, तेवढं सांगा." लॉवेलने शब्द दिला होता. हे एमरीचं तिसरं वर्ष. आता पदवी देणारं कॉलेजच उरलं नव्हतं.

रविवारी चर्चहून आल्यावर त्याच्या बायकोने, नडीनने, बटाट्याच्या लगद्यावर नूडल्स आणि चिकन वाढलं. ती गावातल्या दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला बसायची आणि दुखऱ्या माणसांशी बोलून बोलून तिची जीभ फार स्पष्ट झाली होती.

"ट्रेंटचा फोन आला होता. तू अंघोळीला होतास."

"काय म्हणाला?"

"तब्येत विचारली. तुझी, माझी. कुत्र्याचीही विचारली. म्हटलं, कुत्रा दोन वर्षांपूर्वी मेला."

ट्रेंट हॉलर सहा वर्षं लॉवेलचा मदतनीस होता. तळघरातल्या खोलीत राहायचा, याच टेबलावर जेवायचा. त्याच्या लग्नातला शर्ट नडीनने इस्त्री केला होता. आता तो शेजारच्या जिल्ह्यातल्या सेंट ऑल्बन कॉलेजचा मुख्य कोच होता. त्याच लीगमधलं, नवीन जिम असलेलं, विद्यार्थ्यांनी भरलेलं कॉलेज.

लॉवेलने जेवण झाल्यावर फोन लावला.

"कोच!" ट्रेंटचा आवाज नेहमीसारखा मोकळा. "सगळं ऐकून फार वाईट वाटलं हो. मी काय म्हणत होतो, टॉलिव्हरशी बोलायचं होतं. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी पोराला फोन करणार नाही. तुम्हाला माहितीये मी कसाय ते."

"सीझन संपू दे."

"अर्थात. तुमचा शब्द."

फोन ठेवला तेव्हा लॉवेलला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. "बघ," तो नडीनला म्हणाला, "एकाने तरी विचारलं."

नडीन भांडी विसळत होती. तिने फक्त नळ थोडा मोठा केला.

त्या आठवड्यात त्यांनी लीगमधला शेवटचा सामना जिंकला. अगदी कसाबसा, एमरीने एकट्याने ओढून आणला म्हणून. राष्ट्रीय स्पर्धेत शिरायला वाटा दोनच. लीगच्या शेवटी पहिल्या चार संघांत जी लढत होते ती जिंकली की थेट प्रवेश. नाही जिंकली, तर निवड समिती सोमवारी देशभरातल्या हरलेल्या संघांतून काही उचलते, त्यात नाव येण्याची वाट पाहायची. महिन्याभरापूर्वी ही दुसरी वाटही हक्काची होती. तीन पराभवांनी ती जवळजवळ बुजली. म्हणजे आता जिंकायचंच. सेमीफायनल पडली सेंट ऑल्बनशी, त्यांच्याच जिममध्ये.

गुरुवारी दुपारी एमरी ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला.

"कोच, बसू?"

"बस. घोटा कसाय?"

"घोटा ठीक." तो बसला आणि त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मला एक सांगायचंय. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी."

लॉवेलने पेन खाली ठेवलं.

"मी सेंट ऑल्बनला हो म्हटलंय. पुढच्या वर्षासाठी."

खिडकीबाहेर कुणीतरी पायऱ्यांवरचा बर्फ फावड्याने खरवडत होतं. लॉवेलने तो आवाज थांबायची वाट पाहिली. थांबला नाही.

"कधी?"

"नक्की काल केलं. बोलणं आधीपासून चाललं होतं."

"आधीपासून म्हणजे?"

"प्रेसिडेंटबाई आल्या होत्या ना, बूट हातात घेऊन? त्याच संध्याकाळी कोच हॉलरांचा फोन आला."

"ट्रेंटने मला परवा रविवारी विचारलं," लॉवेल सावकाश म्हणाला. "टॉलिव्हरशी बोलू का म्हणून."

एमरीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ते तर म्हणाले, कोच बिडिंगरांच्या कानावर घातलंय. मला वाटलं तुम्हाला माहितीये, आणि तुम्ही मुद्दाम काही बोलत नाही."

लॉवेलने पेनाला टोपण लावलं.

"माझी आई डबल शिफ्ट करते, कोच. तिकडे माझा इथला सगळा अभ्यास धरणारेत. दुसरीकडे गेलो तर एक वर्ष जादा. मला शिक्षक व्हायचंय, अजून एक वर्ष मी कसं..."

"मी तुला काही म्हटलं का?"

"नाही. पण तुमचा चेहरा."

"माझा चेहरा जन्मापासून असाच आहे."

एमरी हसला. मग उठून त्याने टोपी घातली. "शनिवारी मी सगळं पणाला लावून खेळणार. त्यांच्याविरुद्ध तर जास्तच. एवढंच सांगायला आलो होतो खरं."

"माहितीये मला," लॉवेल म्हणाला. आणि म्हणाला त्या क्षणी ते खरं होतं.

शनिवारी दुपारी सेंट ऑल्बनच्या जिममध्ये पॉपकॉर्नचा आणि नव्या रंगाचा वास होता. एल्डन फोर्डहून लोक गाड्या भरभरून आले होते. म्हाताऱ्यांनी कॉलेजात असतानाचे स्वेटर बाहेर काढले होते, पोटावर ताणलेले, वेदरबीचं W अक्षर एका बाजूला गेलेलं. ट्रेंट मैदान ओलांडून लॉवेलकडे आला आणि त्याने त्याला मिठीच मारली.

"नडीन कुठंयत?"

"वर बसलीय." लॉवेल मिठीतून बाहेर आला. "तू रविवारी मला फोन केलास."

"हो?"

"परवानगी मागायला."

ट्रेंटचं हसू जागच्या जागी राहिलं, डोळे मात्र हलले. "कोच, हा धंदाच असाय. तुम्हीच तर शिकवलंत मला. चांगल्या पोराच्या घरी पहिलं पोचायचं."

"दुसऱ्याच्या पोराच्या घरी मी कधी गेलो नाही."

"तुमचं कॉलेज बंद होतंय, कोच," ट्रेंट हळू आवाजात म्हणाला. त्यात कुत्सितपणा नव्हता, हेच जास्त लागलं. "तो दुसऱ्याचा राहिलाय कुठे?"

सामना सुरू झाला आणि पहिल्या अर्ध्यात एमरीने सेंट ऑल्बनला नाचवलं. तीन जणांच्या मधून तो असा निघायचा की मागून त्या तिघांचीच टक्कर व्हायची. अटरबॅकला रिंगखाली नुसते हात वर करून उभं राहायचं काम होतं, चेंडू हातात येऊन पडायचा. वेदरबीचे लोक पायांनी बाकं बडवत होते. लॉवेलने कोट काढून खुर्चीवर टाकला. तो फक्त चेंडू पाहत होता, तीन आठवड्यांनी पहिल्यांदाच.

दुसऱ्या अर्ध्यात ट्रेंटने एमरीवर दोन माणसं लावली. आघाडी हळूहळू विरघळली. एमरीचा एक पास थेट सेंट ऑल्बनच्या पोराच्या हातात गेला. असं होतं. थोड्या वेळाने दुसरा गेला, तोही तसाच, छातीवर. त्या धावपळीत एमरी घसरून पडला. सेंट ऑल्बनच्या लाल केसांच्या खेळाडूने त्याला हात देऊन उठवलं आणि उठवता उठवता त्याच्या कानाशी काहीतरी बोलला. एमरी हसला.

लॉवेलने ते हसू पाहिलं. एमरी पडल्यावर नेहमी हसायचा, सरावात, पावसात, घोटा मुरगळला तेव्हासुद्धा. हे लॉवेलला माहीत होतं. तरी त्याची नजर चेंडूवरून सुटली. पुढचा प्रत्येक पास तो आता दोनदा पाहू लागला. एकदा चेंडूसाठी, एकदा पोरासाठी.

अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला तेव्हा वेदरबी एका गुणाने मागे होतं आणि चेंडू त्यांच्याकडे होता. लॉवेलने टाइमआउट घेतला. पोरं गोल करून वाकली, घामाचे थेंब त्याच्या पाटीवर पडत होते. त्याने पेनने रेघा मारल्या. एमरी वरून चेंडू घेणार, अटरबॅक आडवा उभा राहणार, एमरी उजवीकडून आत घुसणार. दुसरं काही आखण्यासारखं नव्हतंच. गॅलरीतल्या पोराबाळांनाही हेच सुचलं असतं.

बोलायला त्याने मान वर केली तर एमरी सेंट ऑल्बनच्या बाकाकडे पाहत होता.

त्या बाकाच्या वरच्या भिंतीवर घड्याळ होतं.

लॉवेलने तळहाताने रेघा पुसल्या. "लँगली, तू आत. टॉलिव्हर, बस."

लँगली पहिल्या वर्षाचा होता, अख्ख्या सामन्यात तो मैदानात उतरला नव्हता. त्याने आधी एमरीकडेच पाहिलं.

"कोच?" एमरी म्हणाला.

"श्वास घे. बस."

"मी ठीक आहे."

"बस म्हटलं ना."

"कोच, एमरीला..." अटरबॅकने तोंड उघडलं.

"चेंडू तुझ्याकडे येईल. वळ आणि मार. कळलं?"

शिट्टी झाली. लँगलीने चेंडू वर आणला. टॉलिव्हर नाही म्हटल्यावर सेंट ऑल्बनची ती दोन्ही माणसं निवांत मागे सरकली आणि अटरबॅकच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. पास उशिरा आला. अटरबॅक वळला, त्या दोघांच्या हातांवरून त्याने चेंडू फेकला, तो रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून खाली आला, आणि भोंगा वाजला.

एमरी बाकापाशी उभा होता. टॉवेल हातात होता, त्याने तोंडही पुसलं नव्हतं. सगळ्यांच्या आधी तो मैदानात गेला आणि गुडघ्यांवर बसलेल्या अटरबॅकला त्याने काखेत हात घालून उठवलं.

बाहेर जाण्याच्या बोळात गावच्या पेपरवाल्याने लॉवेलला गाठलं. "कोच, शेवटच्या वेळी टॉलिव्हर बाकावर होता."

"दमला होता," लॉवेल म्हणाला.

बसमध्ये पुढच्या सीटवर तो एकटा बसला. मागे कुणी बोलत नव्हतं. या वेळी फोनही वाजले नाहीत.

रविवारी नडीनने विचारलं, "दमला होता?"

"हो."

"मला वरून तसं नाही दिसलं." तिने पुढे काही विचारलं नाही. सेंट ऑल्बनने त्या दिवशी फायनल जिंकली, ते रेडिओवर लागलं तेव्हा तिनेच उठून रेडिओ बंद केला.

सोमवारी दुपारी कॉलेजच्या भोजनगृहात मोठा पडदा लावला होता. समिती नावं जाहीर करणार होती. खरं तर आशा नव्हती, पण लोक आले. घराघरांतून कॅसरोलची भांडी आली होती, कुणीतरी पर्सिमन फळाचं पुडिंग केलं होतं. पोरं संघाचे स्वेटर घालून पहिल्या रांगेत बसली, मध्यावर अटरबॅक, टोकाला एमरी. लॉवेल भिंतीशी उभा राहिला.

सेंट ऑल्बनचं नाव लवकरच आलं, जिंकून आलेल्यांत. पडद्यावर त्यांच्या जिमचं चित्र दाखवलं. पोरं उड्या मारत होती, ट्रेंटला कुणीतरी खांद्यावर घेतलं होतं. भोजनगृहात कुणीतरी शिवी हासडली आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. लॉवेलने एमरीकडे पाहिलं नाही. मग पडद्यावर सामन्यांची एकेक चौकट भरत गेली. टेक्सासचं एक कॉलेज आलं, मेन राज्यातलं आलं, त्यांच्याच भागातलं एक आलं जे त्यांच्यापेक्षा जास्त सामने हरलं होतं. शेवटच्या चौकटीत दोन नावं पडली आणि जाहिरात लागली. माणसं जाहिरातीकडेच पाहत राहिली, जणू त्यानंतर आणखी काही असेल.

प्रेसिडेंटबाई उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या. "आम्हाला तुमचा अभिमान आहे!" त्यांच्या मागोमाग सगळे टाळ्या वाजवू लागले. अगदी मन लावून वाजवत होते, आणि पोरं माना खाली घालून बसली होती.

गर्दी उठल्यावर म्हातारा दातांचा डॉक्टर, नडीनचा साहेब, कागदाची बशी घेऊन लॉवेलपाशी आला. "एक कळलं नाही बघ मला. तो छोटा पोरगा. ऐन वेळी?"

"दमला होता."

"हां," डॉक्टर म्हणाला, आणि त्याने पुडिंगकडे पाहिलं.

मग अटरबॅक आला. त्याचं हे चौथं वर्ष. जूनपासून तो बापाच्या शेतावर डुकरं सांभाळणार होता, त्याला कुणाचे फोन यायचे कारण नव्हतं. आले होते तेही बहुतेक दुसऱ्यांची चौकशी करायला. "मी तो चेंडू आत घालायला हवा होता, कोच."

"तुझी चूक नाही ती."

"मग कुणाची?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"पुडिंग घे थोडं," लॉवेल म्हणाला.

एप्रिलमध्ये ट्रेंटचा फोन आला. फोन नडीनने उचलला. माझ्या बाकावर कोचसाठी मदतनीसाची एक खुर्ची आहे, तो म्हणाला, पुढल्या हिवाळ्यापासून. टॉलिव्हरलाही घरच्यासारखं वाटेल. नडीनने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ट्रेंट," ती म्हणाली, "कुत्रा अजून मेलेलाच आहे." आणि तिने फोन ठेवला.

लॉवेलला तिने हे जेवताना सांगितलं. तो हसला, फार दिवसांनी, आणि हसता हसता त्याला ठसका लागला. पाणी पिऊन तो आपलं ताट विसळायला उठला. त्या खुर्चीवर बसायला आपण कदाचित हो म्हटलं असतं, हे त्याने नडीनला सांगितलं नाही.

मे महिन्यात पदवीदान झालं, तंबू उतरवले, आणि इमारती रिकाम्या करायचं काम सुरू झालं. पुस्तकं एका विद्यापीठाने नेली, पियानो एका चर्चने. लॉवेल लॉकर रूममध्ये जुने चेंडू पोत्यात भरत होता. जिमकडून ड्रिल चालल्याचा आवाज येत होता. एमरी आत आला, आपल्या कपाटातले बूट घ्यायला.

"मला वाटलं तू गेलास," लॉवेल म्हणाला.

"बस दुपारची आहे." एमरीने बुटांच्या नाड्या एकत्र बांधून ते खांद्यावर टाकले. तरी तो निघेना. "एक विचारू, कोच?"

"विचार."

"सेंट ऑल्बनला. शेवटी. मला का काढलंत?"

लॉवेलने ते इतक्या जणांना सांगितलं होतं की आता ते आपोआप तोंडातून आलं. "तू दमला होतास."

एमरीने त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर लॉवेलला उत्तर देता आलं असतं.

"मी दमलो नव्हतो, कोच."

"मला तसं दिसलं."

"बरं." तो दारापर्यंत गेला आणि वळला. "त्या दिवशी आई आली होती. शिफ्ट कुणाला तरी देऊन. कॉलेजात मला खेळताना तिने पहिल्यांदाच पाहिलं. तीही विचारत होती, शेवटी तुला का बसवलं म्हणून."

"काय सांगितलंस?"

"दमलो होतो म्हणून सांगितलं."

तो परत आला, त्याने हात पुढे केला. लॉवेलने तो धरला. पोराचा हात कोरडा आणि उबदार होता. मग एमरी बोळातून निघून गेला. बोळ लांब होता. त्याला हाक मारायला बराच वेळ होता. लॉवेल पोत्याचं तोंड हातात धरून उभा राहिला. शेवटचं दार उघडलं, बंद झालं.

जिममध्ये दोन माणसं काम करत होती. पलीकडच्या तालुक्यातल्या एका हायस्कूलने पाठवली होती ती, रिंगा आणि त्यांच्यामागचे फळे उतरवून न्यायला. एक शिडीवर, एक खाली. दोघांच्या पायांत चिखलाचे बूट होते आणि फ्लोअरवर दारापासून शिडीपर्यंत मातीचे ठसे उमटले होते. खालचा माणूस ट्रकमधून पाना आणायला निघाला होता. लॉवेलला पाहून तो थांबला.

"काका, जरा धरता का? डुगडुगतेय."

लॉवेलने शिडी धरली. वरचा माणूस तोंडातल्या तोंडात शिव्या देत एकेक नट फिरवत होता, गंजाची भुकटी लॉवेलच्या हातांवर पडत होती. मग काहीतरी कटकन सुटलं.

"घ्या," वरून आवाज आला. "सांभाळून. जड आहे."

लॉवेलने एक हात वर केला, मग दोन्ही. रिंग त्याच्या हातात आली. जाळीचे धागे त्याच्या मनगटाला लागत होते. तो ती छातीशी धरून उभा राहिला.

"कुठे ठेवू?" त्याने विचारलं.

"तिकडे भिंतीशी. दुसरीच्या शेजारी."

लॉवेलने दारापाशी जाऊन आधी आपले बूट काढले. मग मातीच्या ठशांच्या कडेकडेने, नुसत्या मोज्यांवर, तो रिंग घेऊन भिंतीकडे चालत गेला.